पेशींची स्वतःची चमक आणि चयापचय: ऑटोफ्लुओरेसन्स इमेजिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंग न टाकता पेशीत नेमकं काय चमकतं?

मुख्यतः चयापचयात इलेक्ट्रॉन वाहून नेणारे दोन रेणू. पहिला एनएडीएच: ३४० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश शोषतो आणि ४५०–४६० नॅनोमीटरला निळा प्रकाश देतो. दुसरा एफएडी: ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषून ५२५–५३५ नॅनोमीटरला हिरवा देतो. यातली सोय अशी की एनएडीएच क्षपित रूपात, म्हणजे इलेक्ट्रॉन जवळ असताना चमकतो आणि इलेक्ट्रॉन दिला की विझतो. एफएडीचं उलट आहे, तो ऑक्सिडाइज्ड रूपात चमकतो आणि इलेक्ट्रॉन घेतला की विझतो. मायटोकॉन्ड्रियातली (पेशीच्या ऊर्जाकेंद्रांतली), इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत पोहोचवणारी श्वसनसाखळी जोरात धावली की निळा उतरतो, हिरवा चढतो.

एनएडीपीएच या जवळच्या रेणूचा वर्णपट एनएडीएचसारखाच असतो. नुसत्या रंगावरून दोघांना वेगळं करता येत नाही, त्यामुळे निळ्या वाहिनीत जे दिसतं ते दोघांचं मिळून असतं. हिरवा सिग्नल मात्र पेशीतल्या सगळ्या फ्लेविनांचा (एफएडीच्या कुळातल्या रेणूंचा) नसतो. त्याचा मोठा वाटा लायपोअमाइड डीहायड्रोजिनेजसारख्या मायटोकॉन्ड्रियातल्या मोजक्या फ्लेवोप्रोटीनांचा असतो, बाकीची बहुतेक मंद असतात. म्हणून चांगल्या चित्रात केंद्रक काळं आणि भोवताली मायटोकॉन्ड्रियाचं जाळं उजळ दिसतं. तुमच्या चित्रात केंद्रकही तितकंच उजळ असेल, तर तुम्ही बहुधा पार्श्वभूमी मोजत आहात.

हे तंत्र नवं नाही. ३४० नॅनोमीटरच्या शोषणाचा उपयोग ऑटो वारबुर्ग यांनी १९३०च्या दशकात केला. ब्रिटन चान्स यांनी १९६२ मध्ये जिवंत प्राण्याच्या मेंदूत आणि मूत्रपिंडात हा निळा सिग्नल मोजला आणि १९७९ मध्ये निळ्या-हिरव्याचं गुणोत्तर मायटोकॉन्ड्रियाच्या रेडॉक्स (इलेक्ट्रॉन देण्या-घेण्याच्या) स्थितीशी जोडून दाखवलं.

निळा सिग्नल वाढला म्हणजे पेशी ग्लायकोलिसिसकडे (श्वसनसाखळीऐवजी नुसतं ग्लुकोज फोडून ऊर्जा मिळवण्याकडे) वळली, असं लिहिता येईल का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि प्रबंधांत सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात.

एनएडीएचची पातळी म्हणजे आवक आणि जावक यांतली शिल्लक. ती वाढली तर दोनपैकी एक झालेलं असतं: तो जास्त तयार होतोय किंवा कमी वापरला जातोय. पेशीला भरपूर ग्लुकोज दिलं तरी निळा वाढेल आणि ऑक्सिजन तोडला तरी वाढेल. पहिल्यात पेशी चंगळ करतेय, दुसऱ्यात गुदमरतेय, आणि चित्र सारखंच. प्रवाह किती जोरात आहे हे पातळीवरून कळत नाही.

त्यामुळे एकट्या आकड्यावर निष्कर्ष काढू नका. श्वसनसाखळी अडवल्यावर सिग्नल किती चढतो आणि मोकळी सोडल्यावर किती उतरतो ही दोन टोकं त्याच पेशींवर मोजा आणि मग तुमचा आकडा त्या दोन टोकांमध्ये कुठे बसतो ते सांगा. टोकं न मोजता छापलेलं गुणोत्तर तपासणाऱ्याने परत पाठवलं तर तक्रारीला जागा नाही.

विभागात साधा फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप आहे. त्यावर जमेल का?

जमतं, पातळ थरातल्या पेशींवर तर बऱ्यापैकी. डॅपी या निळ्या रंगद्रव्याचा फिल्टर संच (३६५ नॅनोमीटर उद्दीपन, ४६० च्या आसपास ५० रुंदीचा उत्सर्जन फिल्टर) निळ्यासाठी आणि जीएफपी या हिरव्या प्रथिनाचा संच (४७० उद्दीपन, ५२५ उत्सर्जन) हिरव्यासाठी चालतो. डॅपीच्या काही संचांत उत्सर्जनाला ४२० च्या पुढचं सगळं घेणारा लाँगपास फिल्टर असतो. तो चालणार नाही, कारण ३६५ वर फ्लेविनही उद्दीपित होतात आणि त्यांचा हिरवा प्रकाश निळ्यात मिसळतो.

खरी अडचण ऑब्जेक्टिव्हची असते. महागड्या प्लॅन अ‍ॅपोक्रोमॅट भिंगांपैकी अनेक ३६५ च्या खाली फारच कमी प्रकाश सोडतात. फ्लुओर प्रकारचं, अतिनील प्रकाश सोडणारं, १.३ न्यूमरिकल अ‍ॅपर्चरचं ४० पट भिंग असेल तर तेच घ्या. इमर्शन तेल कमी चमकणारं हवं. कपाटातल्या जुन्या बाटलीतलं पिवळं पडलेलं तेल पेशींपेक्षा जास्त चमकतं.

सुरुवात अशी करा: एलईडी ५ ते १० टक्क्यांवर, एक्स्पोजर २०० ते ५०० मिलिसेकंद, कॅमेऱ्याचं बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र करणं) २ गुणिले २. सिग्नल कमी वाटला म्हणून एलईडी १०० टक्के करू नका. आधी बिनिंग वाढवा, मग एक्स्पोजर, आणि अगदी शेवटी प्रकाश.

कॉन्फोकलवर ४०५ नॅनोमीटरचा लेसर आहे. त्याने एनएडीएच दिसेल?

दिसेल, पण ४०५ म्हणजे एनएडीएचच्या शोषणाची शेपटी आहे. तिथे लायपोफ्युसिन (जुन्या पेशींत साठणारं रंगद्रव्य) आणि पोर्फिरिन अधिक उत्साहाने चमकतात. पोर्फिरिन ६३५ नॅनोमीटरला लाल प्रकाश देतं, त्यामुळे फिल्टरने गाळता येतं. लायपोफ्युसिनचा पट्टा मात्र फार रुंद असतो. ३५५ किंवा ३७५ चा लेसर असेल तर तो वापरा. ४०५ शिवाय गत्यंतर नसेल तर खाली सांगितलेले कंट्रोल करून दाखवा. टोकांमधला फरक स्पष्ट आला तर मोजमाप टिकतं. श्वसनसाखळी अडवणारं रोटेनोन देऊनही सिग्नल हलला नाही, तर तुम्ही एनएडीएच बघत नाही आहात, मग चित्र कितीही सुंदर असो.

टू-फोटॉनवर सेटिंग काय ठेवायची?

टू-फोटॉनमध्ये रेणू लांब तरंगलांबीचे दोन फोटॉन एकदम शोषतो, म्हणून लेसरचे आकडे साधारण दुप्पट असतात. एनएडीएचसाठी ७४०–७५० नॅनोमीटर आणि ४०० ते ४८० घेणारा फिल्टर. एफएडीसाठी ८९० नॅनोमीटर आणि ५०० ते ६०० घेणारा फिल्टर. दोन्ही एकाच वेळी ७५० वर घेण्याचा मोह होतो, पण ७५० वर हिरव्या वाहिनीत एनएडीएचची शेपटी येते. ८९० वर एनएडीएच उद्दीपित होत नाही, म्हणून एफएडी तिथेच स्वच्छ मिळतो.

नमुन्यावर पडणारी शक्ती ७५० वर ५ ते १० मिलिवॅटच्या आत ठेवा. ती ऑब्जेक्टिव्हच्या पुढे पॉवर मीटर धरून मोजलेली असावी. सॉफ्टवेअरमधली '३ टक्के' ही शक्ती नव्हे. लेसरची तरंगलांबी बदलली, आरसा किंचित हलला, की तेच ३ टक्के वेगळे होतात.

डिटेक्टर भिंगाजवळचे, म्हणजे नॉन-डीस्कॅन्ड असतील तर खोलीतला प्रत्येक प्रकाश मोजला जातो. मॉनिटर काळ्या कापडाने झाका, उपकरणांचे लुकलुकणारे दिवे काळ्या टेपने बंद करा, मोबाइल खिशात ठेवा. लेसर बंद ठेवून एक फ्रेम घ्या. त्यात जे मोजलं जाईल ते सगळं खोलीचं असतं.

पुण्यात अशी उपकरणं कुठे बघायची?

पाषाणची आयसर आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र (एनसीसीएस), आगरकर रस्त्यावरची आघारकर संशोधन संस्था ही पहिली ठिकाणं. सरकारी निधीतल्या उपकरणांची नोंद आय-स्टेम पोर्टलवर शोधता येते. पेशींचे वाण एनसीसीएसच्या पेशीसंग्रहातून मागवता येतात.

बुकिंगआधी सुविधा सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांना थेट विचारा: सर्वांत कमी तरंगलांबीचा लेसर कोणता, टू-फोटॉन लेसर ७४० पर्यंत खाली येतो का, निळ्या वाहिनीतला फिल्टर नेमका कोणता, लाइफटाइम (चमक किती वेळ टिकते ते) मोजण्याचं मॉड्यूल आहे का, आणि स्टेजबरोबर ऑब्जेक्टिव्हही गरम ठेवता येतो का. तेलाचा थंड ऑब्जेक्टिव्ह डिशमधली उष्णता शोषून घेतो. स्टेजवर ३७ दिसत असताना भिंगाखालच्या पेशी दोन-तीन अंशांनी थंड असू शकतात, आणि चयापचय मोजताना दोन अंश पुष्कळ होतात. 'टू-फोटॉन आहे' एवढ्या उत्तरावर बुकिंग केलं तर निम्मा दिवस फिल्टर शोधण्यात जातो.

डिश आणि मीडियम कोणतं?

३५ मिलिमीटरची, काचेच्या तळाची डिश, काच ०.१७ मिलिमीटर. प्लॅस्टिकचा तळ निळ्यात इतका चमकतो की पेशी त्यात बुडून जातात. एका डिशमध्ये एक ते दीड लाख पेशी टाका आणि २४ ते ४८ तासांनी, ५० ते ७० टक्के तळ भरल्यावर इमेजिंग करा. गच्च भरलेल्या डिशमध्ये तळाशी ऑक्सिजन कमी पडतो, लॅक्टेट साठतं, आणि तुमच्या औषधाआधीच रेडॉक्स स्थिती बदललेली असते. तुलनेच्या सगळ्या डिश एकाच पॅसेजच्या (पेशी नव्या डिशमध्ये हलवण्याच्या त्याच फेरीतल्या), एकाच दिवशी टाकलेल्या असाव्यात.

नेहमीचं डीएमईएम इमेजिंगसाठी वाईट. त्यातलं फिनॉल रेड चमकतं आणि लिटरमागे ०.४ मिलिग्रॅम रायबोफ्लेविन असतं, जे एफएडीच्या वाहिनीत झगमगतं. सीरमही निळ्यात भर घालतं. फिनॉल रेड काढलं की काम झालं असं अनेकांना वाटतं, पण रायबोफ्लेविन तिथेच असतं. हँक्सचं क्षार द्रावण किंवा रायबोफ्लेविन नसलेलं साधं बफर घ्या, त्यात १० मिलिमोलर हेपेस आणि पेशी ज्यात वाढल्या तितकंच ग्लुकोज घाला. हाय-ग्लुकोज मीडियममध्ये २५ मिलिमोलर असतं, लो-ग्लुकोजमध्ये ५.५. वाढीच्या मीडियममध्ये १ मिलिमोलर पायरुव्हेट किंवा ग्लुटामिन असेल तर तेही घाला. २५ मधल्या पेशी अचानक ५.५ मध्ये टाकल्या तर तो स्वतंत्र प्रयोग होतो, इमेजिंगची तयारी नव्हे.

३७ अंशांना आणलेल्या बफरने दोनदा धुवा, दीड मिलिलिटर घाला आणि ३० मिनिटं स्थिर होऊ द्या. कार्बन डायऑक्साइडची सोय नसेल तर बायकार्बोनेटवर चालणारं बफर वापरू नका. उघड्या हवेत त्याचा सामू चढतो आणि त्याबरोबर चयापचयही सरकतो. बफरमध्ये पेशींना दीड-दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका.

कंट्रोलची पायरी-पायरीने पद्धत काय?

आधी साठा द्रावणं. साखळी अडवणारी रोटेनोन आणि अँटिमायसिन ए, आणि साखळी मोकळी सोडणारं एफसीसीपी प्रत्येकी १० मिलिमोलर डीएमएसओ या विद्रावकात, २० मायक्रोलिटरच्या छोट्या नळ्यांत, उणे २० अंशांना. वितळलेली नळी परत गोठवू नका. वापरताना दहा हजार पट पातळ केलं की १ मायक्रोमोलर होतं आणि डीएमएसओ फक्त ०.०१ टक्के राहतं. हे एका दमात करू नका, आधी बफरमध्ये शंभरपट आणि मग डिशमध्ये शंभरपट. शुद्ध डीएमएसओचा थेंब थेट डिशमध्ये पडला तर त्याखालच्या पेशी मरतात.

मूळ अवस्थेची चार-पाच क्षेत्रं घ्या. मग एफसीसीपी १ मायक्रोमोलर देऊन ५ मिनिटं थांबा. साखळी पूर्ण वेगाने धावते, एनएडीएच खर्च होतो, निळा तळाला जातो, हिरवा शिखरावर. दुसऱ्या डिशमध्ये रोटेनोन आणि अँटिमायसिन प्रत्येकी १ मायक्रोमोलर द्या आणि १० मिनिटं थांबा. आता साखळी अडलेली, निळा शिखरावर. तिसऱ्या डिशला फक्त तितकंच डीएमएसओ.

एफसीसीपीने काहीच झालं नाही तर आधी सीरमकडे बघा. एफसीसीपी सीरममधल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतं आणि १० टक्के सीरममध्ये १ मायक्रोमोलरचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. सीरम नसतानाही वाण बदलला की मात्रा बदलते, म्हणून ०.५, १ आणि २ मायक्रोमोलर करून बघा. जास्त झालं तर मायटोकॉन्ड्रिया कोसळतात आणि निळा उलट अस्ताव्यस्त वागतो.

अँटिमायसिन स्वतः निळसर चमकतं. या मात्रेला फरक सहसा किरकोळ असतो, तरी पेशी नसलेल्या डिशमध्ये तेवढंच औषध टाकून एक चित्र घ्या.

सायनाइड वापरलं तर?

साखळी अडवण्याचा तो जुना मार्ग आहे, १ मिलिमोलर पुरतं. पण आम्लाशी संपर्क आला की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. रोटेनोन-अँटिमायसिनने तेच काम होतं, तर विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत सायनाइडची बाटली उघडण्याचं कारण नाही. रोटेनोनही विषच आहे, हातमोजे घाला आणि पूड फ्यूम हूडमध्ये तोला.

गुणोत्तर कसं काढायचं? प्रत्येक पेपरमध्ये वेगळं सूत्र का?

कोणी एनएडीएच भागिले एफएडी घेतं, कोणी उलटं, कोणी एफएडी भागिले दोघांची बेरीज. तिसरं ० ते १ मध्ये राहतं आणि आलेख काढायला सोपं जातं. कोणतंही घ्या, पण पूर्ण सूत्र लिहा. दोन पेपरांतली 'वाढलेली रेडॉक्स रेशो' एकमेकांच्या विरुद्ध अर्थाची असू शकते.

भागाकाराआधी वजाबाकी. समजा पेशीवर ६२० काउंट आहेत आणि त्याच डिशच्या रिकाम्या जागी ४१०. खरा सिग्नल २१०. पार्श्वभूमी वजा न करता भागाकार केला तर तुम्ही प्रामुख्याने काचेचं आणि बफरचं गुणोत्तर काढता. ऑटोफ्लुओरेसन्समध्ये पार्श्वभूमी सिग्नलच्या दुप्पट असणं नेहमीचं आहे.

टोकं मोजली असतील तर निर्देशांक काढा. मूळ निळा सिग्नल ३००, एफसीसीपीनंतर १८०, रोटेनोन-अँटिमायसिननंतर ४८० असेल, तर ३०० वजा १८० म्हणजे १२०, आणि ४८० वजा १८० म्हणजे ३००. १२० भागिले ३००, म्हणजे ४० टक्के. हा आकडा लेसरच्या शक्तीवर, डिटेक्टरच्या गेनवर अवलंबून राहत नाही, कारण ते वर-खाली दोन्हीकडे कटतात. शिवाय दोन टोकांमधलं अंतर, इथे ३००, मायटोकॉन्ड्रियातल्या एकूण साठ्याचा अंदाज देतं. साधं गुणोत्तर मात्र गेन बदलला की बदलतं, म्हणून एका संस्थेतलं गुणोत्तर दुसऱ्या संस्थेच्या आकड्याशेजारी ठेवू नका.

दिवसागणिक उपकरण सरकतं का, हे कसं ओळखायचं?

रोज दोन द्रावणांचं चित्र घ्या. एनएडीएच १०० मायक्रोमोलर, सामू ८ च्या बफरमध्ये, त्याच दिवशी केलेलं. ३४० नॅनोमीटरला १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये शोषण ०.६२२ यायला हवं, कारण मोलर शोषणांक ६२२० आहे. ०.५५ आलं तर पूड खराब किंवा वजन चुकलं. एफएडी ५० मायक्रोमोलर, ४५० नॅनोमीटरला शोषण ०.५६५. दोन्ही फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा. आम्लधर्मी पाण्यात एनएडीएच टिकत नाही, त्यामुळे नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवू नका. पावसाळ्यात बाटली फ्रीजरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही. आत दव धरलं की पूड महिन्याभरात पिवळी पडते.

एकाच जागेचं चित्र पुन्हा घेतलं की सिग्नल कमी होतो. का?

फ्लेविन प्रकाशाने झिजतात आणि अतिनील प्रकाश पेशीला इजा करतो. मुख्य प्रयोगाआधी एकाच क्षेत्राची सलग पाच चित्रं घ्या. पहिल्या आणि पाचव्यात ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर प्रकाश कमी करा. फोकस शोधताना फ्लुओरेसन्स चालू ठेवणं ही सर्वांत सामान्य चूक: चित्र घेईपर्यंत अर्धा सिग्नल गेलेला असतो. फोकस साध्या प्रकाशात करा, क्षेत्र थोडं बाजूला सरकवा, मग शटर उघडा. कोणती वाहिनी आधी घ्यायची ते ठरवा आणि सगळ्या डिशना तोच क्रम ठेवा.

उलट, पेशी फुगून संपूर्ण हिरवट-पिवळी होत गेली तर ती मेली आहे. ती मोजणीतून काढा.

हळद, वनस्पतींचे अर्क किंवा कर्करोगाची औषधं तपासतोय. काही विशेष काळजी?

फार. पुण्यातल्या बऱ्याच प्रयोगशाळांत वनौषधींवर काम चालतं आणि इथे हे तंत्र हमखास फसवतं. कर्क्युमिन ४२०–४४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषून ५०० ते ५५० ला चमकतं, म्हणजे थेट एफएडीच्या वाहिनीत, आणि पेशीच्या पटलांत जाऊन बसतं. 'कर्क्युमिनने फ्लेविन वाढले' असा निष्कर्ष निघतो आणि प्रत्यक्षात हळदच चमकत असते. डॉक्सोरुबिसिनही ४८८ वर उद्दीपित होऊन नारिंगी चमकतं आणि केंद्रकात जमतं, त्यामुळे निदान ओळखू तरी येतं. पानांच्या अर्कात पॉलिफिनॉल निळे चमकतात आणि क्लोरोफिल ६८० च्या आसपास लाल. गडद अर्क अतिनील प्रकाश शोषून घेतात, मग निळा सिग्नल खोटाच कमी दिसतो.

तपासायचं असं: पेशी नसलेल्या डिशमध्ये औषध, मारलेल्या पेशींवर औषध, आणि जिवंत पेशींवर औषध देऊन पहिल्या मिनिटाचं चित्र. चयापचय बदलायला वेळ लागतो, पण चमकणारा पदार्थ आत शिरताच दिसतो. पहिल्याच मिनिटाला हिरवा दुप्पट झाला तर ते औषध आहे. औषध धुऊन काढल्यावरही चमक राहिली तर हिरवी वाहिनी सोडून द्या आणि ऑक्सिजन खपासारखं दुसरं मोजमाप घ्या. गणिताने चमक वजा करण्याच्या नादी लागू नका, कारण ती पेशीत सगळीकडे सारखी नसते.

लाइफटाइम इमेजिंगमध्ये जास्तीचं काय कळतं?

चमक किती आहे याऐवजी ती किती वेळ टिकते हे मोजतात. मोकळा एनएडीएच सुमारे ०.४ नॅनोसेकंदात विझतो. प्रथिनाला बांधलेला दोन ते काही नॅनोसेकंद टिकतो, कोणत्या एन्झाइमला बांधला त्यावर ठरतं. एफएडीचं उलट: मोकळा दोन नॅनोसेकंदांहून जास्त, बांधलेला त्याच्या छोट्या अंशाइतका. हे १९९२ मध्ये लॅकोविच आणि सहकाऱ्यांनी एनएडीएचसाठी चित्ररूपात दाखवलं. लाइफटाइम सांद्रतेवर आणि लेसरच्या शक्तीवर अवलंबून नसतो, हा मोठा फायदा.

ग्लायकोलिसिस वाढला की मोकळ्याचा वाटा वाढून सरासरी लाइफटाइम घटतो, असं साधारण दिसतं. तरी हाही नियम डोळे झाकून लावू नये. बांधलेल्या एनएडीपीएचचा लाइफटाइम बांधलेल्या एनएडीएचपेक्षा लांब असतो, त्यामुळे ऑक्सिडेटिव्ह ताणात तो चढला तर कारण वेगळं असू शकतं. तापमान आणि सामूही त्यात हात घालतात.

लाइफटाइमच्या मोजणीत नेमकं काय बिघडतं?

बहुतेक वेळा फोटॉन कमी पडतात. हिशेब करून बघा. सेकंदाला २ लाख फोटॉन, ६० सेकंद, म्हणजे १ कोटी २० लाख. २५६ गुणिले २५६ म्हणजे ६५,५३६ पिक्सेल. पिक्सेलमागे सुमारे १८३. एका घटकाच्या लाइफटाइमला १०० फोटॉनमध्ये १० टक्के चूक येते, आणि तुम्हाला दोन घटक वेगळे करायचे आहेत. म्हणून शेजारचे ९ पिक्सेल एकत्र करा, म्हणजे सुमारे १६५० मिळतील. त्याहून जास्त बिनिंग केलं तर मायटोकॉन्ड्रिया आणि सायटोप्लाझम मिसळतात.

फोटॉन जास्त झाले तरी त्रास आहेच. ८० मेगाहर्ट्झच्या लेसरवर मोजणीचा वेग सेकंदाला ८ लाखांच्या, म्हणजे स्पंदनांच्या १ टक्क्याच्या आसपास ठेवला की पाइल-अपची (एका स्पंदनात दोन फोटॉन येऊन फक्त पहिलाच मोजला जाण्याची) चिंता राहत नाही. एरवी लाइफटाइम खोटाच छोटा दिसतो. नैसर्गिक चमकीत हे क्वचित घडतं, पण एखादा मृत पेशींचा पुंजका वा धुळीचा कण पूर्ण क्षेत्राचा वेग वाढवतो.

उपकरणाचा स्वतःचा प्रतिसाद यूरियाच्या स्फटिकांवर सेकंड हार्मोनिक (लेसरच्या निम्म्या तरंगलांबीचा प्रकाश) घेऊन नोंदवतात. इथे एक खाच आहे. ७५० वर हार्मोनिक ३७५ ला पडतं, आणि ४०० ते ४८० चा फिल्टर ते अडवतो. पडदा काळाच राहतो, आणि लोक संरेखन बिघडलं समजून आरसे फिरवत बसतात. लेसर ८९० ला न्या, हार्मोनिक ४४५ ला येईल आणि त्याच फिल्टरमधून जाईल.

फिटिंगची भीती वाटत असेल तर फेझर पद्धत बघा. प्रत्येक पिक्सेल एका आलेखावर बिंदू होतो आणि मोकळा-बांधलेला यांना जोडणाऱ्या रेषेवर तो कुठे आहे यावरून वाटा कळतो. सुरुवातीला हीच बरी, कारण घटक किती हे आधी गृहीत धरावं लागत नाही.

फिक्स केलेल्या (रसायनाने मारून जतन केलेल्या) पेशी चालतील?

चयापचयासाठी नाही. पॅराफॉर्माल्डिहाइड आणि त्याहून जास्त ग्लुटरल्डिहाइड स्वतःची चमक निर्माण करतात.

शस्त्रक्रियेतून मिळालेलं ऊतक शहराच्या दुसऱ्या टोकाहून आणायचं आहे.

आधी संस्थेच्या नीतिसमितीची लेखी परवानगी आणि रुग्णाची संमती. ऊतक निघताच थंड क्षार द्रावणाने रक्त धुवा. हिमोग्लोबिन निळा प्रकाश जोरात शोषतं, रक्ताळलेल्या भागात निळा सिग्नल खोटाच घटतो. मग ४ अंशांच्या, फिनॉल रेड नसलेल्या मीडियममध्ये, थर्माकोलच्या डब्यात बर्फावर. बर्फ नळीला लागू द्या, पण ऊतक गोठू देऊ नका. संध्याकाळी सहाला विद्यापीठ चौकातून जाणार असाल तर वेळेचा हिशेब त्या चौकातल्या गर्दीचा धरा. शक्यतो सकाळच्या शस्त्रक्रियेचाच नमुना मागा.

पोहोचल्यावर ३०० मायक्रोमीटरचे काप करा, ३७ अंशांवर ऑक्सिजन मिळणाऱ्या बफरमध्ये अर्धा तास ठेवा आणि कापाच्या पृष्ठभागापासून २०–३० मायक्रोमीटर खाली बघा, कारण वरचा थर कापताना मेलेला असतो. कोलॅजनची चमक निळ्या वाहिनीत येते. तिचे धागे सेकंड हार्मोनिकने वेगळे टिपून त्या जागा मोजणीतून वगळा. निघण्याची, पोहोचण्याची आणि पहिल्या चित्राची वेळ वहीत लिहा. नमुन्यांमधला अर्धा फरक अनेकदा त्यातूनच समजतो.

पुण्याच्या हवेचा काही त्रास?

जून ते सप्टेंबर भिंगांवर बुरशी धरते, आणि बुरशीचे तंतू निळ्यात चमकतात. खोलीची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, रात्रीही. एसी रात्री बंद करून सकाळी लावला तर दव पडतं. टायटेनियम-सॅफायर लेसर चालू केल्यावर तासभर स्थिर होऊ द्या. देखभालीच्या गुरुवारी वीज जाणार असेल तर लांब प्रयोग लावू नका. यूपीएस लेसर सावरतो, पण एसीला नसतो आणि एप्रिलमध्ये खोली अर्ध्या तासात तापते. गणेशोत्सवात मिरवणूक जवळून जाणार असेल तर ६० सेकंदांची लाइफटाइम मोजणी सोडून द्या. ढोलांच्या ठोक्याने टेबल हलतं आणि मायटोकॉन्ड्रिया पुसट येतात.

सीहॉर्स यंत्र असताना हे कशाला?

सीहॉर्स हजारो पेशींचा एकत्रित ऑक्सिजन खप देतं, म्हणजे प्रवाह. ऑटोफ्लुओरेसन्स एकेका पेशीची स्थिती देतं. एकाच डिशमध्ये दोन प्रकारच्या पेशी असतील, तर सरासरीत जे लपतं ते इथे दिसतं. दोन्ही शक्य असेल तर त्याच वाणावर, त्याच औषधांनी दोन्ही करा.

फ्लो सायटोमीटरवर?

४०५ ने ४५० ची वाहिनी आणि ४८८ ने ५३० ची, एवढं मोजता येतं. ट्रिप्सिन देऊन उचललेल्या पेशींचं चयापचय बदलतं आणि पेशीतली जागा कळत नाही. चाळणीसाठी ठीक, निष्कर्षासाठी नाही.

एका डिशमध्ये २०० पेशी मोजल्या. एवढे नमुने पुरेत ना?

तुमच्याकडे २०० नव्हे, एक नमुना आहे. एकाच डिशमधल्या पेशी एकच मीडियम, एकच तापमान आणि एकच हात भोगतात. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पॅसेजच्या किमान तीन डिश घ्या, प्रत्येक डिशची सरासरी काढा आणि तुलना त्या सरासऱ्यांची करा. पेशींचं वितरण दाखवायचं असेल तर जरूर दाखवा, पण दोनशे बिंदूंवर लावलेली टी-टेस्ट कुठल्याही क्षुल्लक फरकाला अर्थपूर्ण ठरवते. पेशींच्या सीमा आखायला सेलपोजसारखं सॉफ्टवेअर चालतं, निळ्या चित्रातलं काळं केंद्रक त्याला बऱ्यापैकी सापडतं. तरी प्रत्येक क्षेत्राचा मुखवटा डोळ्यांनी तपासा. दोन चिकटलेल्या पेशींना ते सर्रास एक धरतं. कोणत्या पेशी का वगळल्या याचा नियम मोजणीआधीच वहीत लिहून ठेवा.